पाकिटातल्या कागदावरची लांबलचक यादी

‘नैराश्याच्या गोळीसोबतचा कागद वाचा, इतके दुष्परिणाम लिहिलेत म्हणजे ती विषच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. यादी खरी असते. चुकतो तो निष्कर्ष.

चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांना जाणवलेले त्रास नोंदले जातात. ते सगळे गोळीमुळेच झालेले असतात असं नाही. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांतही काहींना डोकेदुखी, मळमळ होते. शिवाय कागदावर बरेचदा प्रमाणही असतं: ‘अतिसामान्य’ म्हणजे 10 पैकी किमान एकाला, ‘दुर्मीळ’ म्हणजे 1,000 पैकी एकाहूनही कमी जणांना. दोन्ही छापलेले मात्र एकाच बारीक टाइपात! आधी हे शब्द शोधा.

एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातल्या गोळ्यांनी होणारी मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छा कमी होणं टिकू शकतं. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.

गोळी सुरू करण्याआधीच झोप, भूक, डोकेदुखी वहीत टिपून ठेवा, म्हणजे नवं काय ते कळेल. परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्यानेही चक्कर, बेचैनी येऊ शकते. चेहरा सुजला, श्वास अडकला किंवा जीव द्यावासा वाटला, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.