हेन डोमेन

हेन डोमेन हा वेल्समधील पॉविस परगण्यात, माँटगोमेरी गावाच्या वायव्येस सुमारे दीड किलोमीटरवर असलेला नॉर्मनांचा (१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या लोकांचा) लाकडी सीमाकोट. आज तिथे भिंत, बुरूज काहीही नाही. उरले आहेत ते मातीचे उंचवटे आणि खंदक. श्रूजबरीचा अर्ल (सरदार) रॉजर याने १०७० च्या दशकात सेव्हर्न नदी पायी ओलांडता येई त्या उथळ जागेची वाट राखण्यासाठी तो बांधला. १०९५ मध्ये वेल्श फौजेने तो जिंकला. ११०२ मध्ये रॉजरच्या मुलाने बंड केल्यावर जहागीर जप्त झाली आणि पुढे बोलर्स घराण्याकडे गेली. १२२३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने जवळच्या खडकावर दगडी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा जुन्या कोटाचे महत्त्व ओसरले.

पश्चिम टोकाला मॉट, म्हणजे रचलेले टेकाड आहे. उंची सुमारे ८ मीटर. खंदक खणताना निघालेली मातीच त्याला वापरली. पूर्वेला बेली, म्हणजे वस्तीचे आवार. त्याभोवती दुहेरी बांध आणि दुहेरी खंदक. आतल्या बांधावर मेढेकोट, म्हणजे लाकडी खांबांची तटबंदी होती. आजच्या खंदकाची खोली मूळची मानू नये. बांधाची माती पावसाने घसरून तळाशी साचते, त्यामुळे बांध बुटका आणि खंदक उथळ दिसतो.

पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर आणि रॉबर्ट हायम यांनी १९६० ते १९९२ या काळात इथे उत्खनन केले. लाकूड कुजून गेले, तरी पुरलेल्या खांबाच्या जागी वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती राहते. जमिनीवर आडव्या तुळया टाकून उभारलेल्या घरांचा माग काढणे मात्र फार कठीण: खड्डाच नसतो, फार तर खड्यांच्या थराची सरळ कड दिसते. अरुंद चर खणला तर ती हमखास निसटते. म्हणून बेलीच्या उत्तर भागात मोठे क्षेत्र एकदम उघडून थरामागून थर खरवडले. त्यातून आवारात दाटीने उभ्या असलेल्या आणि पुन्हापुन्हा बांधलेल्या इमारती उमगल्या. लाकडी कोट म्हणजे घाईची, तात्पुरती सोय, हा समज इथे टिकत नाही. हा कोट दीडशेहून अधिक वर्षे नांदता होता. वस्तू मात्र थोड्या आणि साध्याच मिळाल्या. सीमेवरची शिबंदी चैनीत राहत नव्हती.

बांधाखाली नॉर्मनपूर्व शेताचे सरी-वरंबेही सापडले. वर माती पडल्यामुळेच ते नांगरापासून वाचले. अशा जागी सशांची बिळे, झाडांची मुळे आणि नांगरट यांचे नुकसान भरून निघत नाही, कारण इमारतीचा एकमेव पुरावा काही सेंटिमीटर जाडीच्या थरात असतो.