हस्तचित्रित प्लॅटफॉर्म गेम

ज्या व्हिडिओ गेममध्ये पात्र फळ्या, कडे, ढग अशा आधारांवरून धावत, उड्या मारत पुढे सरकते आणि ज्यातली पात्रे व देखावे चित्रकाराने हाताने रेखाटलेले असतात, तो हा प्रकार. 'प्लॅटफॉर्म' म्हणजे पाय टेकायची जागा. १९८१ चा 'डाँकी काँग' आणि १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' यांनी उडी हाच खेळाचा कणा करून टाकला. (गोव्यात नुसते 'मारिओ' म्हटले की थोरांना लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आठवतात, पोरांना टोपीवाला प्लंबर.) तेव्हाची चित्रे चौकोनी ठिपक्यांची होती, हाताची रेघ पेलण्याइतकी ताकद यंत्रात नव्हती.

मिशेल आन्सेल यांच्या 'रेमॅन'मध्ये (१९९५) नायकाला हातपाय नाहीतच. पंजे आणि बूट धडापासून सुटे, हवेत तरंगतात. सांधे हलवायची कटकट टळली आणि एक न विसरता येणारे ध्यान तयार झाले. पुढे 'रेमॅन ओरिजिन्स' (२०११) व 'रेमॅन लेजंड्स' (२०१३) यांत रंगांची अक्षरशः लयलूट आहे. 'कपहेड' (२०१७) हा कॅनडातल्या मोल्डनहावर बंधूंचा गेम १९३० च्या दशकातल्या कार्टूनपटांच्या धर्तीवर केलेला. पात्रे कागदावर पेन्सिलीने काढून शाईने गिरवलेली, देखावे जलरंगातले.

चित्र देखणे असले की गेम रंगतो, हा मात्र गैरसमज आहे. चित्रकाराची आणि खेळणाऱ्याची गरज एकमेकींच्या आड येते. कार्टूनमधले पात्र उडी मारण्याआधी खाली दबते, अंग चोरते, मग उसळते. त्या दबण्यातच उडीचे वजन असते. गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र असे दबत बसले, तर ते खड्ड्यात गेलेच म्हणून समजा. म्हणून दबणे जवळपास गाळतात आणि गाळलेले वजन नंतर भरून काढतात: हवेत अंग ताणले जाते, जमिनीवर आपटताना चपटे होते, केस एक क्षण मागे राहतात. 'कपहेड'मधली चित्रे सेकंदाला २४ बदलतात, पण खेळ सेकंदाला ६० वेळा पुढे सरकतो. रेघ जुन्या चालीची, बटण आजचे.

दुसरी युक्ती चक्क खोटेपणाची. कड्यावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडी मारू देतात. कडा ओलांडून हवेत लटकणाऱ्या कार्टूनमधल्या कोयोटीवरून (हा कोल्ह्यासारखा प्राणी) तिला 'कोयोटी टाइम' म्हणतात. तसेच पात्राला मार लागण्याचा भाग चित्रापेक्षा लहान ठेवतात. टोपीचे टोक काट्याला लागले तरी चालते. खेळणाऱ्याला वाटते, आपण थोडक्यात वाचलो.

रंगांचीही शिस्त असते. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांत तांबडा आणि पांढरा असे दोनच रंग, तरी वेल कुठे संपते आणि मोकळी भिंत कुठे सुरू होते, यात कधी गोंधळ होत नाही. गेममध्ये रंग पन्नास असले तरी कसोटी हीच: पाय कुठे टेकायचा, हे पाहताक्षणी कळले पाहिजे. म्हणून बहुधा पाठीमागचे डोंगर फिके, धूसर ठेवतात आणि पायाखालची फळी ठसठशीत. या कसोटीला न उतरणारे सुंदर गेम पुष्कळ आहेत. ते खेळण्यापेक्षा भिंतीवर टांगावेत.

'लेजंड्स'मध्ये काही टप्पे गाण्यावर बेतलेले आहेत. उड्या आणि ठोसे ठेक्यात पडतात; हात ठेक्यात असला की पडद्याकडे फारसे पाहावेही लागत नाही. चवथीच्या आरत्यांना घुमट (मातीच्या घटाचे तालवाद्य) वाजवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. चौघांना एकत्र खेळता येते, आणि सोबत्याला थप्पड मारायचीही सोय आहे. चवथीला भावंडे जमलेल्या घरात आरती आटोपली की टीव्हीसमोर ही थप्पडच जास्त चालते; टप्पा तिथेच राहतो.