चहाचा दुसरा कप

ठाण्यात, नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका जाऊन चार महिने झाले होते. सकाळी वाटी परत द्यायला मी गेले, तर ओट्यावर चहाचे दोन कप भरलेले आणि काकू त्यातल्या एकाकडे बघत उभ्या. "हात आपोआप जातो गं," म्हणाल्या. संध्याकाळी सव्वासातला दाराचं लॅच उघडल्याचा आवाजही त्यांना यायचा. मुलाला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. गावाहून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तर जीव घुटमळतोय म्हणून सांगितलं, शांत करून घ्या म्हणाल्या, आणि खर्चाचा आकडाही सांगून टाकला.

डोक्यावर परिणाम झालेला नव्हता आणि कुणी घुटमळतही नव्हतं. काकूंचा मेंदू त्याचं रोजचं काम करत होता.

ते काम म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं. नॉर्वेतले शास्त्रज्ञ एडवर्ड आणि माय-ब्रिट मोझर यांना, आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या मेंदूतल्या नकाशाच्या शोधासाठी २०१४ साली नोबेल मिळालं. त्यांच्याच प्रयोगशाळेतला २०१३चा एक प्रयोग मला कधीपासून भुरळ घालतो आहे. उंदराला पेटीत सोडलं, पेटीत एक वस्तू ठेवली, मग ती काढून घेतली. हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या काही पेशी वस्तू समोर होती तोवर गप्प होत्या. वस्तू काढल्यावर मात्र उंदीर त्या रिकाम्या जागी पोचला की त्या जाग्या व्हायच्या. इथे काहीतरी होतं, एवढीच त्यांची नोंद, आणि ती कित्येक दिवस टिकायची. उंदराचं जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही, पण 'नसणं' ही मेंदूला स्वतंत्रपणे नोंदवावी लागणारी गोष्ट आहे, हे यातून कळतं.

आता डोपामाइनकडे, म्हणजे मेंदूतल्या पेशी निरोप द्यायला वापरतात त्या एका रसायनाकडे, येऊ. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांना शिकवलं की खूण दिसली की थोड्या वेळाने फळांचा रस मिळतो. एकदा खूण दाखवली आणि रस दिलाच नाही. नेमक्या ज्या क्षणी रस यायचा, त्या क्षणी मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींचे संदेश थांबले. बाहेर काहीच घडलेलं नव्हतं, तरी मेंदूने त्या न घडण्याची वेळ अचूक पकडली. मिळालेलं वजा अपेक्षिलेलं, अशी ही वजाबाकी आहे. उत्तर ऋण आलं की अपेक्षा किंचित खाली सरकते. किंचितच. चाळीस वर्षांच्या संसारात साधारण १४,६०० संध्याकाळी येतात. त्यापुढे लॅच न वाजलेल्या संध्याकाळी होत्या जेमतेम १२०. शिवाय काका पूर्वी टूरवर जायचे आणि परत यायचे, म्हणजे 'नाही' याचा अर्थ 'येतील' असाही मेंदूने शिकून ठेवलेला. त्यात आणखी एक गुंता आहे. जुनी अपेक्षा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण लिहिली जाते आणि दोघी एकमेकींशी झगडतात. खाण्याची खूण मिळताच लाळ गाळायला शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांमध्येही, खाणं बंद केल्यावर विझलेला तो प्रतिसाद काही काळाने आपोआप परत उमटायचा. वर्षभर सावरलेल्या बाईला गणपतीत आरतीच्या वेळी एकदम भरून येतं, त्यामागे हेही आहे.

म्हणून 'विसरा आता' हा सल्ला मला पटत नाही. विसरायचं नसतंच, शिकायचं असतं. आणि हे शिकणं घरात अवघड जातं, कारण घरचे जपतात. काकांचं नाव निघालं की मुलगा विषय बदलायचा.

कचराळी तलावाजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जोडीदार गमावलेल्यांचा गट एक शनिवार सोडून जमतो. काकूंना मी तिथे घेऊन गेले. प्रत्येकाने आपलं माणूस कधी आणि कशाने गेलं ते सांगायचं, एवढाच नियम. तिसऱ्या वेळी काकूंनी लॅचचं सांगितलं. समोरच्या बाई लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे स्कूटरचा आवाज." अकरा जणांतल्या पाच जणांना असं काही ना काही ऐकू येत होतं. काकूंचा चेहरा त्या क्षणी सैल झाला. 'ते गेले' हे वाक्य भूतकाळात, मोठ्याने, पुन्हापुन्हा उच्चारणं म्हणजे ती नवी शिकवण गिरवणं आहे, असं मला वाटतं.

ही कल्पना जुनी आहे. बॉस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी १९६७ साली विधवांनीच नव्या विधवांना भेटायचा उपक्रम सुरू केला. मात्र गट म्हणजे जादू नव्हे. २००८ साली ६१ नियंत्रित अभ्यास (मदत मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना करणारे) एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की सरसकट सगळ्यांना दिलेल्या मदतीचा फारसा फायदा होत नाही, खरा फायदा जास्त अडकलेल्यांना होतो. बहुतेक जण आपापलेच सावरतात. सहा महिने उलटूनही ओढ तेवढीच तीव्र असेल आणि रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर डॉक्टरांकडे जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आपल्याकडे अडसर वेगळाच आहे. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं आणि बाईला हळदीकुंकवातून, लग्नकार्यातून बाजूला बसवायचं. म्हणजे माणसांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच माणसं तोडायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. शहाणं गाव.

काकूंच्या गटात आता एक निवृत्त गृहस्थ येतात. बायको असेपर्यंत ओट्याशी कधी उभे राहिले नव्हते. परवा त्यांनी विचारलं, एका माणसाच्या चहाला पाणी किती घ्यायचं?

"कपानेच मोजा," काकू म्हणाल्या. "पण आधी फडताळातून एकच कप काढायचा. पाणी मग."