ईस्टरचा चंद्र कोष्टकातला असतो

हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले की 'दुर्मिळ योग' म्हणून मेसेज फिरायला लागतात. २०१९ मध्ये १९ एप्रिलला ते एकत्र आले होते. यात योग वगैरे काही नाही. हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेची, आणि गुड फ्रायडेही पौर्णिमेलाच बांधलेला; बऱ्याच वर्षी ती पौर्णिमा चैत्राचीच निघते. नाताळ २५ डिसेंबरला पक्का असल्यामुळे ख्रिस्ती सणांना तिथीशी देणंघेणं नाही, असा आपला समज होतो इतकंच.

नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर; गुड फ्रायडे त्याच्या आधीचा शुक्रवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही पडतो. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार (अ‍ॅश वेन्सडे, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची सुरुवात), आणि त्याला लागून आधी गोव्याचा कार्निव्हल.

पण पौर्णिमा कुठली? खरी गंमत इथे आहे. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेत ठरलं की सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळायचा. रोमपासून अलेक्झांड्रियापर्यंत एकच रविवार हवा, तर तारीख आधीच कळायला हवी. आकाशाकडे बघत बसून भागत नाही. म्हणून कोष्टक आलं, १९ वर्षांचं. २३५ चांद्रमासांचे दिवस होतात ६९३९.६९ आणि ३६५.२५ दिवसांच्या १९ वर्षांचे ६९३९.७५. फरक जेमतेम दीड तासाचा! १९ वर्षांचे साधे महिने २२८, म्हणजे वरचे ७ अधिक. आपल्या पंचांगातही १९ वर्षांत साधारण ७ अधिक मास येतात, ते याच मेळामुळे.

बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, म्हणून कोष्टकातली पौर्णिमा दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकते. २१ मार्चच्या मागे गेली की ती सोडून पुढची धरायची. २०१७ ला ११ एप्रिल, २०१८ ला ३१ मार्च, आणि २०१९ ला २० मार्च. एका दिवसाने हुकली! मग पुढची, १८ एप्रिलची घेतली आणि ईस्टर २१ एप्रिलला गेला.

आकाशात मात्र त्या वर्षी वसंतसंपात (दिवस-रात्र समान होण्याचा क्षण; नियमातला २१ मार्च त्याच्याच जागी धरलेला) भारतीय वेळेनुसार २१ मार्चला पहाटे साडेतीनच्या सुमारास झाला आणि पौर्णिमा सकाळी सव्वासातला पूर्ण झाली. म्हणजे खऱ्या चंद्राप्रमाणे ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. पण त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये २० मार्चची रात्र होती. खरा चंद्र धरला, तर कुठल्या गावचा धरायचा हा वाद आलाच. मला कोष्टकवाल्यांचं म्हणणं पटतं.

दर १९ वर्षांमागचा तो दीड तासही तीनशे वर्षांत एक दिवस खातो. १५८२ च्या कॅलेंडर सुधारणेत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिलियस या इटालियन वैद्याने चंद्राच्या कोष्टकातही २५०० वर्षांत ८ दिवसांची दुरुस्ती बसवली, हे सहसा कुणी सांगत नाही. ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या) चर्चने ही सुधारणा ईस्टरसाठी घेतली नाही, म्हणून २०२४ मध्ये त्यांचा ईस्टर ५ मेला होता आणि इतरांचा ३१ मार्चला. १९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत भरलेल्या वेगवेगळ्या चर्चच्या बैठकीत जेरुसलेमच्या रेखावृत्तावरून खरा चंद्रच धरावा, असा तोडगा पुढे आला. तो अमलात आलेला नाही. आला असता, तर २०१९ चा राखेचा बुधवार ६ मार्चऐवजी ६ फेब्रुवारीला पडला असता आणि गोव्याचा कार्निव्हलही महिनाभर आधी उरकला असता.