केवल मूल्याची अट आणि पूर्णांक जोड्यांची मोजणी

क्ष आणि य या दोन पूर्णांक संख्यांवर केवल मूल्याची एखादी अट घातली, तर ती पाळणाऱ्या क्रमित जोड्या (क्ष, य) एकूण किती, हा मोजणीच्या गणितातला एक पायाभूत प्रश्न आहे. संख्येचे केवल मूल्य म्हणजे संख्यारेषेवर तिचे शून्यापासूनचे अंतर. म्हणून |५| आणि |−५| या दोहोंची किंमत ५ येते. उभ्या दोन रेघांची ही खूण जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरली. जोडी क्रमित असल्यामुळे (१, २) आणि (२, १) या दोन वेगळ्या जोड्या धरतात.

सर्वांत परिचित अट |क्ष| + |य| = म ही आहे; येथे म ही धन पूर्णांक संख्या. म = ३ घेऊन पाहू. चिन्हे बाजूला ठेवली तर (०, ३), (१, २), (२, १), (३, ० ) अशा चार जोड्या मिळतात. प्रत्येक संख्येला धन-ऋण अशी दोन चिन्हे लागतात, म्हणून चारला चाराने गुणून १६ म्हणावेसे वाटते. ते चूक आहे. शून्याला दुसरे चिन्ह नाही, त्यामुळे (०, ३) मधून चार नव्हे, (०, ३) आणि (०, −३) या दोनच जोड्या निघतात. (१, २) आणि (२, १) यांच्या मिळून आठ, शून्य असलेल्या चार, एकूण १२. या प्रकारच्या गणितात सर्वाधिक चुका शून्यापाशीच होतात, म्हणून शून्य असलेल्या जोड्या आधीच वेगळ्या काढणे चांगले. सामान्य सूत्र ४म असे येते. म = ० असेल तर मात्र (०, ०) ही एकच जोडी उरते, तिथे हे सूत्र लागू होत नाही.

आलेखकागदावर हे बिंदू मांडले की कोनावर उभा केलेला चौरस दिसतो. त्याचे शिरोबिंदू अक्षांवर असतात आणि कर्णाची लांबी २म असते. अट |क्ष| + |य| ≤ म अशी सैल केली की चौरसाच्या आतले बिंदूही मोजावे लागतात. आरंभबिंदूचा १ आणि त्याभोवतीच्या कड्यांचे ४, ८, १२, … ४म मिळवले की २म² + २म + १ मिळते. क्रमाने ५, १३, २५, ४१. हीच संख्या म² + (म + १)² अशीही लिहिता येते आणि याचे कारण चित्रातच आहे: क्ष + य ज्यांत सम आहे ते बिंदू एक तिरका चौरस भरतात, विषम असलेले दुसरा. ऑस्ट्रियन गणिती गेओर्ग पिक यांच्या १८९९ च्या प्रमेयानेही ताळा जुळतो: शिरोबिंदू पूर्णांक बिंदूंवर असलेल्या बहुभुजाचे क्षेत्रफळ म्हणजे आतले बिंदू अधिक कडेवरच्या बिंदूंचे निम्मे, वजा १. क्षेत्रफळ २म² आणि कडेवरचे बिंदू ४म, म्हणून आतले बिंदू २म² − २म + १. त्यात कडेचे मिळवले की तेच उत्तर.

|क्ष + य| + |क्ष − य| ≤ २म ही अट दिसायला अवघड, पण डावी बाजू नेहमी |क्ष| आणि |य| यांतील मोठ्या संख्येच्या दुप्पट असते. म्हणजे हा अक्षांना समांतर असलेला सरळ चौरस झाला आणि उत्तर (२म + १)². चिन्हांच्या चार शक्यता कागदावर सोडवत बसण्यापेक्षा हे एकदा ओळखलेले बरे.

फरकावरची अट वेगळ्या वळणाची असते. क्ष आणि य दोन्ही १ ते १० मधले आणि |क्ष − य| ≤ ३ असेल, तर बिंदू क्ष = य या कर्णाभोवती पट्ट्यासारखे पसरतात: कर्णावर १०, त्याच्या दोन्ही अंगांना ९, ८ आणि ७. एकूण १० + २ × २४ = ५८. पट्टा टोकांशी कापला जातो, म्हणून प्रत्येक क्ष साठी सरसकट ७ किमती धरून ७० म्हणता येत नाही.

केवल मूल्यांऐवजी वर्ग घेतले, म्हणजे क्ष² + य² ≤ म², की चौरसाचे वर्तुळ होते. म = १ आणि २ साठी उत्तरे तीच, ५ आणि १३. म = ३ ला वाटा फुटतात: चौरसात २५ बिंदू, वर्तुळात २९, कारण (±२, ±२) हे चार बिंदू वर्तुळात बसतात, पण २ + २ = ४ असल्याने चौरसाबाहेर राहतात. चौरसाचे सूत्र दोन ओळींत सिद्ध होते. वर्तुळातल्या बिंदूंची संख्या त्याच्या क्षेत्रफळापासून जास्तीत जास्त किती दूर जाते, हा गाउस यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.