चराची भिंत आत्ता उभी आहे म्हणजे ती टिकेलच असं नाही

गल्लीत ड्रेनेजची लाइन टाकायला जेसीबीने दोन मीटर खोल चर मारलेला असतो, बाजू एकदम सरळ, खाली दोघं जण पाइप जोडतायत आणि वरून मुकादम सांगतोय की माती कडक आहे, काय होत नाय. माती त्या वेळी खरंच कडक असते, पण ती किती वेळ तशी राहणार हे भिंतीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि माणसं मरतात ती यामुळेच.

मुळात भिंत उभी राहते कशी? मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. चर खोदला की एका बाजूचा आधार अचानक जातो, माती मोकळ्या बाजूला फुगायला बघते, त्यामुळे आतल्या पाण्यात एक ओढ तयार होते आणि ती कणांना एकमेकांना धरून ठेवते. समुद्रावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तोसुद्धा पाण्याच्या ओढीवरच. कणांमधल्या पाण्याचा दाब मातीची ताकद ठरवतो हे कार्ल टेर्झागी या इंजिनिअरने 1920 च्या दशकात नीट मांडलं. पण ही ओढ कायमची नसते, आजूबाजूचं पाणी हळूहळू झिरपत तिथे येतं आणि ओढ संपते, वाळूत पटकन, चिकणमातीत काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी. म्हणून सकाळी ठणठणीत वाटलेली बाजू दुपारी कुणी हातही न लावता बसते.

त्यात पाऊस आला की विषयच वेगळा. काठापासून थोडं आत, चराला समांतर एक बारीक भेग पडलेली असते, आपल्याकडच्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यातल्या भेगा आधीपासूनच असतात. अशी 1 मीटर खोल भेग पाण्याने भरली तर चराच्या दर मीटर लांबीमागे साधारण 500 किलोचा आडवा रेटा बसतो. वर काठालाच खोदलेल्या मातीचा ढीग, शेजारी जेसीबी थरथरतोय, म्हणजे भार अजून वाढला.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. ती पडायला एक-दोन सेकंद पुरतात, पळायला वेळच मिळत नाही. डोकं बाहेर असलं तरी माणूस गुदमरतो, कारण श्वास सोडला की छातीभोवतीची माती आत सरकते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. लोकांना वाटतं मान मोकळी आहे ना मग वाचेल, तसं नसतं हो.

सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, सुरक्षा नियमांत हे सगळं साध्या आकड्यांत दिलंय. चर 1.2 मीटर किंवा जास्त खोल असेल तर दर 30 मीटरला एक शिडी, ती काठाच्या वर 90 सेंटिमीटर आलेली. दीड मीटरपासून पुढे बाजूंना उतार द्यायचा किंवा फळ्या-बल्ल्या लावून टेकू द्यायचा. खोदलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तितकी लांब. आणि खालून पोखरायचं नाही, वरून खाली खोदत जायचं. फळ्या लावायला वेळ जातो, पैसे जातात, मान्य आहे, पण दोन मीटरच्या सरळ चरात टेकूशिवाय माणूस उतरवणं मला तरी कुठल्याच हिशोबात बसत नाही.

काठाजवळ भिंत असेल तर तिच्याकडेही बघा. पुण्यात कोंढव्याला 29 जून 2019 ला, जोरदार पावसानंतर मध्यरात्री, सोसायटीची कम्पाउंड वॉल शेजारच्या खोदकामाच्या बाजूला मजुरांच्या शेडवर कोसळली आणि 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती.

आणि समजा चर बसलाच, तर पटकन आत उडी मारू नका, उरलेली बाजू दुसऱ्यांदा पडते आणि वाचवायला गेलेलाही गाडला जातो. अडकलेल्याच्या अंगावरून जेसीबीने माती काढायची नाही, अर्धवट गाडलेल्याला दोरीने ओढायचंही नाही. काठावरची गर्दी आणि मशीन मागे घ्या, पाण्याची लाइन फुटली असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, 112 किंवा 101 ला फोन लावा, आणि टेकू लागल्यावरच हाताने, छातीकडून, माती मोकळी करायला घ्या.