पडणाऱ्याखाली गादी असते

गेल्या रविवारी सिडकोत बहिणीकडे गेले होते. पाच वर्षांचा भाचा सोफ्याच्या पाठीवर चढला, हात पसरले आणि थेट फरशीवर उडी घेतली. कोपर सुजलं, तेवढ्यावर निभावलं. रडता रडता म्हणाला, "मावशी, टीव्हीतला काका तर हसत उठला!"

अडथळे पार करायचे हे कार्यक्रम आपल्याला नवे नाहीत. जपानमध्ये १९८६ ते १९९० दरम्यान झालेला 'ताकेशीज कासल' पुढे पोगोवर जावेद जाफरींच्या हिंदी समालोचनासह आला, आजचे कित्येक आईबाबा तो बघतच मोठे झाले. त्यात माणसं धडाधड पडतात, पण बहुतेक वेळा पाण्यात, चिखलात नाहीतर मऊ गादीवर. एक मीटरवरून पडलेलं शरीर खाली टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असतं. फोमच्या गादीत ५० सेंटीमीटर दबत हा वेग संपला आणि फरशीवर एकाच सेंटीमीटरमध्ये संपला, तर फरशीचा धक्का साधारण ५० पट मोठा. पडद्यावर मात्र पडणं सारखंच दिसतं. गादीची जाडी पाच वर्षांच्या पोराला कुठून कळणार?

आणि मुलं नक्कल करतात, हे तर प्रयोगांनी दाखवलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसंच बडवलं. पुढे फिल्मवर दाखवूनही तेच झालं. १९६५ चा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. पण "करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनाही सगळं जमलं. म्हणजे शिकून झालं होतं, फक्त आवरलेलं होतं. आपल्या कार्यक्रमांत तर पडलं की हशा आणि टाळ्या! आवरावं असं मुलाला वाटावं तरी का?

म्हणून हे कार्यक्रम बंदच करा, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नकोच आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्या तासात माणसं आपटताना दाखवायची गरज मला दिसत नाही. किडे खायला लावणारे, किंकाळ्यांचे कार्यक्रम तर त्यानंतरही बरीच वर्षं नकोत. अडथळ्यांचे कार्यक्रम सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर मात्र जरूर बघावेत, शेजारी बसून.

नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेत मल्लखांबाचा सराव बघायला मुलांना एकदा न्या. खांबाखाली गादी असते, शेजारी सर उभे असतात, आणि खाली उतरताना गुडघे कसे वाकवायचे हे पोरं पुन्हा पुन्हा घोटतात. टीव्हीवर हे सगळं कापलेलं असतं.

भाच्याबरोबर आता एक खेळ सुरू केलाय. चुकून असा कार्यक्रम लागलाच, तर बंद करण्याआधी चित्र थांबवायचं आणि विचारायचं, "गादी कुठंय?" परवा त्याने पाण्याकडे बोट दाखवलं आणि मलाच विचारलं, "किती खोल आहे गं?"